विश्लेषण : हार्वर्डची पीएचडी, घराघरांत पोहोचलेली औषधे… तरीही येल्लाप्रगडा सुब्बाराव अनोळखी का?

गर्भवतीला आरोग्य केंद्रातून मिळणारी फॉलिक अॅसिडची गोळी. गडचिरोली, चंद्रपूरकडे हत्तीरोगाच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी समोर उभे राहून गिळायला लावतात, ती डीईसीची गोळी. आणि संधिवाताच्या रुग्णाला डॉक्टर आठवड्यातून एकदाच घ्यायला सांगतात, ती मेथोट्रेक्सेटची गोळी. आजार तीन, औषधे तीन. पण तिन्हींचा माग काढत गेले की रस्ता एकाच प्रयोगशाळेत आणि एकाच भारतीय माणसापाशी पोहोचतो. त्यांचे नाव येल्लाप्रगडा सुब्बाराव.

मॅट्रिकला दोनदा नापास, डॉक्टरकीची पूर्ण पदवी हुकलेली, पस्तिसाव्या वर्षी पीएचडी आणि त्यानंतरही दहा वर्षे कायम नोकरी नाही, असा त्यांचा प्रवास होता. औषधनिर्माणशास्त्रात किंवा जीवरसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडणारा प्रश्न त्यांच्यासमोरही होता. एवढी वर्षे घालवून हाती येते काय?

सुब्बाराव कोण होते?

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी आजच्या आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे झाला. तेव्हा हा भाग मद्रास प्रांतात होता. वडील महसूल खात्यात होते, पण आजारपणामुळे त्यांची नोकरी लवकर सुटली. घरात सात भावंडे आणि पैशांची कायमची ओढाताण. शाळेत मन न रमलेला हा मुलगा वयाच्या तेराव्या वर्षी पैसे कमवायला काशीची वाट धरून घरातून निघाला. यात्रेकरूंना केळी विकायची असा त्याचा बेत होता. आई वेंकम्मा यांनी त्याला माघारी आणले आणि पुन्हा शाळेत बसवले.

मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात पास झाले. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना त्यांचा ओढा रामकृष्ण मिशनकडे होता. संन्यास घ्यायचा त्यांचा विचार होता, पण आईने परवानगी दिली नाही. मिशनमधूनही त्यांना वैद्यकीय शिक्षण घेण्याचा सल्ला मिळाला. लोकांची सेवा त्या मार्गानेही करता येईल, असा त्यामागचा विचार होता. सुब्बाराव मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले.

एमबीबीएस का हुकली?

ते दिवस स्वातंत्र्य चळवळीचे होते. गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेला प्रतिसाद म्हणून सुब्बाराव यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी विलायती कापडाऐवजी खादीचा झगा घालायला सुरुवात केली. शस्त्रक्रिया विषयाचे इंग्रज प्राध्यापक ब्रॅडफील्ड यांना ते रुचले नाही. लेखी परीक्षेत उत्तम कामगिरी करूनही सुब्बाराव यांना एमबीबीएसऐवजी एलएमएस हे कमी दर्जाचे प्रमाणपत्र देण्यात आले.

मद्रासच्या सरकारी वैद्यकीय सेवेचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही. त्यांनी एका आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवायला सुरुवात केली. आयुर्वेदाशी त्यांचे नाते केवळ नोकरीपुरते नव्हते. त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतराने स्प्रू या आजाराने दगावले होते. या आजारात आतड्यांना अन्नातील सत्त्व शोषून घेता येत नाही. सतत जुलाब होतात, रक्त कमी होते आणि माणूस खंगत जातो. सुब्बाराव यांनाही हा आजार झाला होता आणि डॉ. अचंता लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते त्यातून वाचले होते. भावांना आपण वाचवू शकलो नाही, ही खंत मात्र राहिली. या आजाराचे मूळ आणि त्यावरचे औषध शोधायचे, या ध्यासाने त्यांनी परदेशाकडे पाहिले.

बोस्टनमध्ये काय घडले?

सासरे आणि काकीनाड्यातील एका धर्मादाय संस्थेच्या मदतीवर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सुब्बाराव बोस्टनला पोहोचले. पत्नी शेषगिरी भारतातच राहिल्या. हार्वर्डच्या उष्णकटिबंधीय आजारांच्या विद्याशाखेत त्यांनी पदविका घेतली. पण एलएमएस प्रमाणपत्राच्या बळावर अमेरिकेत डॉक्टर म्हणून काम करता येत नव्हते. पोटासाठी त्यांनी रात्री रुग्णालयात हमालाचे काम धरले. रुग्णांची मलमूत्राची भांडी साफ करणे हाही त्या कामाचा भाग होता. दिवसा वर्ग, रात्री रुग्णालय असा हा दिनक्रम होता.

त्यानंतर त्यांना हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या जीवरसायनशास्त्र विभागात जागा मिळाली. विभागाचे प्रमुख ऑटो फोलिन हे रक्त आणि लघवीतील घटक मोजण्याच्या पद्धतींसाठी ओळखले जात. तिथेच सुब्बाराव यांनी सायरस फिस्क या प्राध्यापकांबरोबर काम सुरू केले. फिस्क यांच्यासमोरचा प्रश्न वरवर साधा होता. शरीरातील द्रवांत आणि ऊतींत फॉस्फरस किती आहे, हे अचूक कसे मोजायचे?

निळ्या रंगाचा प्रयोग काय होता?

फिस्क आणि सुब्बाराव यांची पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे तत्त्व समजायला सोपे आहे. नमुन्यात आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घातले की त्यातील फॉस्फेट मॉलिब्डेटशी जोडले जाते. मग एक विशिष्ट रसायन घातले की द्रावण निळे होते. फॉस्फेट जितके जास्त, तितका निळा रंग गडद. हा रंग माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणाशी ताडून पाहिला की आकडा मिळतो. ही पद्धत पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत इतकी रुळली की जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ती आजही फिस्क-सुब्बाराव पद्धत याच नावाने शिकवली जाते.

खरी गंमत पुढे झाली. स्नायूंच्या अर्कावर हीच पद्धत वापरली, तेव्हा निळा रंग अपेक्षित वेळेत पूर्ण उमटेना. तो हळूहळू गडद होत राही. एखाद्याने याला प्रयोगातील चूक समजून नमुना टाकून दिला असता. या दोघांनी मात्र रंगाला उशीर का होतो, याचा पाठपुरावा केला. उत्तर असे निघाले की स्नायूत फॉस्फेट एका पदार्थाला बांधलेले असते आणि आम्लात तो पदार्थ सावकाश फुटत जातो. जसजसे फॉस्फेट मोकळे होते, तसतसा रंग वाढतो. या पदार्थाचे नाव फॉस्फोक्रिएटिन. हा शोध १९२७ मध्ये जाहीर झाला. ब्रिटनमध्ये एगलटन दाम्पत्यही त्याच सुमारास याच पदार्थापर्यंत पोहोचले होते.

स्नायूंना ताकद ग्लायकोजेनचे लॅक्टिक अॅसिड होण्यातून मिळते, अशी तोवरची समजूत होती. स्नायूंवरील कामासाठी हिल आणि मायरहॉफ यांना १९२२ चे नोबेलही मिळालेले होते. फॉस्फोक्रिएटिनच्या शोधाने त्या समजुतीला धक्का बसला. पुढे १९२९ मध्ये फिस्क आणि सुब्बाराव यांनी स्नायूंतून आणखी एक पदार्थ वेगळा काढल्याचे जाहीर केले. तो म्हणजे एटीपी. जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही त्याच वर्षी तो स्वतंत्रपणे सापडला. शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात पेशीचे ऊर्जा-चलन म्हणून शिकवला जातो, तोच हा रेणू.

१९३० मध्ये सुब्बाराव यांना हार्वर्डची पीएचडी मिळाली. तेव्हा त्यांचे वय ३५ होते.

पीएचडीनंतरही कायम नोकरी का नाही?

जगन्मान्य मोजमाप पद्धत आणि ऊर्जेच्या रसायनातील दोन मोठे शोध नावावर असलेल्या माणसाला विद्यापीठ सहज सामावून घेईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पुढची दहा वर्षे सुब्बाराव हार्वर्डमध्ये कनिष्ठ पदावरच राहिले. कायमस्वरूपी प्राध्यापकपद त्यांना मिळाले नाही.

श्रेयाचा प्रश्नही होताच. हार्वर्डमध्ये त्याच विभागात शिकलेले आणि १९८८ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी नंतर याबद्दल स्पष्ट मत नोंदवले. सुब्बाराव यांनी वेगळे काढलेले काही पदार्थ इतरांना बऱ्याच वर्षांनी पुन्हा शोधावे लागले, कारण फिस्क यांनी सुब्बाराव यांचे काम बाहेर येऊ दिले नाही आणि त्यामागे असूया होती, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वरिष्ठ आणि कनिष्ठ संशोधकांतील नाते कसे असावे, नावे कोणाची आणि कोणत्या क्रमाने लागावीत, यावर आज प्रत्येक विद्यापीठात वाद होतात. शंभर वर्षांपूर्वीच्या हार्वर्डमध्येही ते वेगळे नव्हते.

या काळात सुब्बाराव यांनी यकृताच्या अर्काकडे लक्ष वळवले. यकृत खाल्ल्याने जीवघेणा रक्तक्षय आटोक्यात येतो, हे १९२६ मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवले होते. यकृतातील नेमका कोणता घटक हे काम करतो, हे कोणालाच माहीत नव्हते. स्प्रूच्या रुग्णांतही रक्तक्षय होतो. भावांच्या मृत्यूपासून सुरू झालेला शोध अशा रीतीने पुन्हा त्यांच्या टेबलावर आला होता.

विद्यापीठ सोडून कंपनीत का गेले?

१९४० मध्ये सुब्बाराव हार्वर्ड सोडून न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली लॅबोरेटरीज या औषध कंपनीत रुजू झाले. लवकरच ते संशोधन विभागाचे संचालक झाले. विद्यापीठातले संशोधन श्रेष्ठ आणि कंपनीतले दुय्यम, असा तेव्हा अनेकांचा समज होता. सुब्बाराव यांना मात्र कंपनीत एक गोष्ट मिळाली, जी हार्वर्डमध्ये मिळाली नव्हती. रसायनशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, प्राण्यांवर चाचण्या करणारे आणि डॉक्टर असा मोठा चमू एका प्रश्नावर लावण्याची मुभा.

पुढच्या आठ वर्षांत या चमूने जे केले, ते पाहिले की सुब्बाराव यांच्या पीएचडीचा अर्थ कळतो. ती पदवी स्नायूंतील फॉस्फरसवरच्या कामाची होती. त्या विषयाचा हत्तीरोगाशी किंवा कर्करोगाशी थेट संबंध नव्हता. त्या कामातून त्यांच्या अंगी आली ती पद्धत. ऊतीतील हजार पदार्थांतून हवा तो वेगळा काढायचा, त्याचे मोजमाप करायचे आणि आकडा जुळत नसेल तर नमुन्याला दोष न देता कारण शोधायचे.

मुंबईतून निघालेला धागा कोणता?

फॉलिक अॅसिडच्या कथेची सुरुवात मुंबईत होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स मुंबईत आल्या. कापड उद्योगात काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्या अभ्यास करत होत्या. यीस्टचा अर्क दिला की या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. अर्कातील तो अज्ञात घटक काही काळ विल्स यांच्याच नावाने ओळखला गेला. १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक घटक मिळाला आणि त्याला फॉलिक अॅसिड हे नाव पडले.

पण पानांतून किंवा यकृतातून मिळणारे प्रमाण इतके अत्यल्प होते की त्यावर औषध उभे राहणे शक्य नव्हते. टनावारी कच्चा माल गाळून हाती चिमूटभर पदार्थ यायचा. लेडर्लीमध्ये सुब्बाराव यांच्या चमूने तो शुद्ध स्वरूपात मिळवला, त्याची रचना उलगडली आणि १९४५ मध्ये तो कारखान्यात तयार करता येईल अशी कृत्रिम पद्धत जाहीर केली. लगेचच झालेल्या चाचण्यांत हे औषध स्प्रूच्या रुग्णांवर गुणकारी ठरले. ज्या आजाराने दोन भाऊ गेले, त्यावरचे औषध हाती यायला जवळपास तीन दशके लागली होती.

फॉलिक अॅसिडपासून कर्करोगाचे औषध कसे निघाले?

नवीन रक्तपेशी तयार व्हायला फॉलिक अॅसिड लागते. ते कमी पडले की रक्तक्षय होतो. रक्ताच्या कर्करोगात उलटे घडते. विकृत पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि त्यांनाही फॉलिक अॅसिड लागतेच. बोस्टनमधील बालरुग्णालयाचे डॉ. सिडनी फार्बर यांच्या हे लक्षात आले. आता त्यांना फॉलिक अॅसिडसारखेच दिसणारे, पण पेशीला फसवणारे औषध हवे होते. चुकीची किल्ली कुलपात अडकली की बरोबर किल्लीही आत जात नाही, तसा हा प्रकार.

सुब्बाराव यांच्या चमूने असे रेणू बनवून फार्बर यांना दिले. त्यातील अमिनोप्टेरिन हे औषध १९४७ च्या अखेरीस मुलांवर वापरायला सुरुवात झाली. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १६ मुलांपैकी १० मुलांत आजार काही काळ मागे हटला. ही सुधारणा तात्पुरती होती. आजार परत आला. पण तोवर ल्युकेमिया झालेले मूल काही आठवड्यांत दगावणार, एवढेच डॉक्टरांना ठाऊक होते. औषधाने हा आजार मागे ढकलता येतो, हे इथे पहिल्यांदा ठोसपणे दिसले. केमोथेरपीच्या इतिहासात हा टप्पा मैलाचा दगड मानला जातो. अमिनोप्टेरिनचेच थोडे बदललेले रूप म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते आजही कर्करोगात, आणि बऱ्याच कमी मात्रेत संधिवातात दिले जाते.

हत्तीरोग आणि टेट्रासायक्लिनशी काय संबंध?

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांना हत्तीरोगाच्या जंतांची लागण होऊ लागली. डासांमार्फत पसरणाऱ्या या आजारावर सुरक्षित औषध नव्हते. लेडर्लीत अनेक रसायने तपासल्यावर डायइथिलकार्बामॅझिन, म्हणजेच डीईसी, हाती लागले. १९४७ मध्ये ते जाहीर झाले. रक्तात फिरणाऱ्या जंतांच्या सूक्ष्म पिल्लांचा ते नाश करते. विदर्भासह देशातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत होणाऱ्या सामूहिक औषधोपचार मोहिमा आजही याच औषधावर उभ्या आहेत.

त्याच प्रयोगशाळेत वनस्पतीशास्त्रज्ञ बेंजामिन दुग्गर मातीच्या नमुन्यांतून प्रतिजैविके शोधत होते. त्यातून ऑरिओमायसिन मिळाले. १९४८ मध्ये जाहीर झालेले हे टेट्रासायक्लिन गटातील पहिले औषध. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतमध्ये प्लेगची भीती पसरली, तेव्हा औषध दुकानांत लोक ज्या कॅप्सूलसाठी धावत होते, त्या याच गटातील होत्या.

या यशाची किंमत कोणी मोजली?

सुब्बाराव अमेरिकेला गेले ते परतलेच नाहीत. ते परदेशात असताना त्यांचा तान्हा मुलगा संसर्गाने दगावला. शेषगिरी पतीची वाट पाहत राहिल्या. आधी शिक्षण, मग पीएचडी, मग हाती घेतलेले काम, मग महायुद्ध, असे परतीचे वर्ष पुढे सरकत गेले. सुब्बाराव यांच्या चरित्रात त्यांच्या चिकाटीचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. पण त्या चिकाटीचा अर्धा भार भारतात एकटीने आयुष्य काढणाऱ्या स्त्रीने उचलला, हेही त्याच चरित्राचा भाग आहे.

अमेरिकेतही ते पाहुणेच राहिले. १९२३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने भारतीयांना तिथले नागरिकत्व बंद झाले होते. १९४६ मध्ये कायदा बदलला, तरी सुब्बाराव शेवटपर्यंत अमेरिकेचे नागरिक झाले नाहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये पर्ल रिव्हर येथे झोपेतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३. अमिनोप्टेरिनचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. भारत स्वतंत्र होऊन नुकतेच वर्ष पूर्ण होत होते.

मग ते विस्मृतीत का गेले?

याची कारणे सरळ आहेत. हार्वर्डमधील कामात ते दुसऱ्या क्रमांकाचे नाव होते. लेडर्लीत त्यांनी शोधनिबंधांवर चमूतील सहकाऱ्यांची नावे पुढे ठेवली. प्रसिद्धीची त्यांना हौस नव्हती. औषधे कंपनीच्या नावाने बाजारात आली आणि रुग्णाला गोळीमागचा माणूस कधीच दिसत नाही. शिवाय ते अकाली गेले. ज्या वयात शास्त्रज्ञांना मानसन्मान मिळू लागतात, त्या वयापर्यंत ते पोहोचलेच नाहीत. एका बुरशीला त्यांच्या स्मरणार्थ सुब्बारोमायसिस हे नाव देण्यात आले. भारतात टपाल खात्याने १९९५ मध्ये, जन्मशताब्दी वर्षात, त्यांच्यावर तिकीट काढले.

आजच्या पीएचडी विद्यार्थ्यांसाठी यात काय आहे?

सुब्बाराव यांची गोष्ट केवळ जिद्दीची म्हणून सांगितली तर ती अपुरी राहते. जिद्द असूनही पदवी डावलली जाऊ शकते, मार्गदर्शक अडवू शकतो, विद्यापीठ दार उघडत नाही आणि घरची माणसे दुरावतात, हेही ती दाखवते. पीएचडीने त्यांना पद दिले नाही, श्रेय दिले नाही, मायदेशी मानाची जागाही दिली नाही.

तिने दिली ती कामाची शिस्त. निळा रंग उशिरा उमटला, तेव्हा त्यांनी आणि फिस्क यांनी नमुना फेकला नाही. पुढे यकृताच्या अर्कात, फॉलिक अॅसिडच्या रेणूत आणि हत्तीरोगाच्या औषधातही त्यांनी तेच केले. प्रबंधाचा विषय फॉस्फरसपुरता होता, ही सवय मात्र आयुष्यभर पुरली. आरोग्य केंद्रातून आज कोणी फॉलिक अॅसिडची पाकिटे घरी नेत असेल, तर त्यांवर सुब्बाराव यांचे नाव नसते. गोळी मात्र काम करते.